रौप्य चषक ग्रेड वन नाही

४ ऑक्टोबर

आजपासून ही वही. हिनं आणून दिली. म्हणाली, "अहो, तुमचं ते ग्रेडपुराण रोज जेवताना मला ऐकवू नका. भाजीत मीठ आहे की नाही तेसुद्धा कळेनासं झालंय. वहीत लिहा. वही उठून जात नाही."

बरं. लिहितो.

रौप्य चषक ग्रेड वन नाही.

झालं, मोकळा झालो. हेच वाक्य काल क्लबाच्या अध्यक्षांसमोर बोललो तर त्यांनी पेन टेबलावर आपटलं. आपल्या मैदानावरची ही एकुलती एक ग्रेड वन शर्यत. तिच्या जिवावर पाटी झळकते, पाहुणे येतात, भिंतीवर फोटो लागतात. पण घोड्यांचं काय? चांगले घोडे इकडे फिरकतच नाहीत. मोठ्या शहरातल्या मैदानांवर धावतात आणि आपल्याकडे उरलंसुरलं येतं. नाव मोठं, लक्षण खोटं.

माझं काम घोड्यांना आकडे देण्याचं. शर्यत झाली की कोण किती भारी ते ठरवायचं आणि नावापुढे रेटिंग लिहायचं. शंभरच्या वर गेला तो चांगला घोडा. एकशे पंधराच्या वर गेला तर मालकाची मान आठवडाभर खाली येत नाही. शर्यतीची ग्रेडही त्याच आकड्यांवर ठरते. पहिल्या चार घोड्यांची सरासरी काढायची, तीन वर्षांची मिळून. एकशे दहाच्या वर असेल तर ग्रेड वन. खाली आली तर ग्रेड टू. ह्यात न कळण्यासारखं काय आहे? शाळेतल्या पोराला कळेल. अध्यक्षांना कळत नाही, कारण त्यांना कळून घ्यायचं नाही.

ग्रेड ठरवायला समितीत आम्ही पाच जण. नोव्हेंबरात बैठक. मी आत्ताच लेखी देऊन टाकलंय: ही शर्यत खाली आणा.

ही म्हणते, "आणि नेमक्या त्याच शर्यतीत बारकी घोडी उतरवतेय. स्वतःच्या पोरीच्या शर्यतीला नावं ठेवणारा बाप मी पहिल्यांदा पाहिला."

पोरगी तिच्या जागी, शर्यत तिच्या जागी. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हा धंदा मला जमणार नाही.

८ ऑक्टोबर

सकाळी बारकीच्या तबेल्यावर जाऊन आलो. वजनाच्या कागदावर तिची सही हवी होती. कागद पाठवून देता आला असता, पण सकाळी फिरायला तसंही निघतोच.

बारकी म्हणजे आमची एकुलती एक. वय बत्तीस, तरी बारकीच. सहा वर्षांपूर्वी ट्रेनर झाली. त्या दिवशीच तिला सांगून टाकलं होतं, "तुझ्या घोड्यांबद्दल माझ्या तोंडून चांगला नाही की वाईट नाही, एक शब्द निघणार नाही. मी आकडे देतो. माझ्या आकड्यांवर कुणी बोट ठेवता कामा नये." आजवर पाळलंय.

फटाकडीला तिनं बाहेर काढलं होतं. तांबडी घोडी, कपाळावर पांढरा ठिपका. पोरगी खाली बसून तिचे पाय चाचपत होती. मी सहीचा कागद पुढे केला. सही करून झाल्यावरसुद्धा कागद हातातच धरून म्हणाली, "बाबा, मागच्या पायांत भरलीय ना आता?"

मी म्हटलं, "मला विचारू नकोस."

"रेटिंग नाही विचारत. नुसतं बघून सांगा."

"बघणं आणि रेटिंग माझ्या लेखी एकच."

कागद दिला तिनं. मग निघेपर्यंत घोडीलाच काहीतरी सांगत बसली. पोरगी हट्टी आहे. कुणावर गेलीय कोण जाणे.

१५ ऑक्टोबर

रौप्य चषक झाला. फटाकडी जिंकली.

बारकीचा पहिला ग्रेड वन. आता ह्याला ग्रेड वन म्हणायचं की नाही हा प्रश्न आजच्या दिवसापुरता बाजूला ठेवतो. ही तर रडून रडून लाल झाली आहे.

मी मात्र आज मोठ्या पेचात होतो. दरवेळी मी शर्यत संपते त्या निशाणाच्या पुढे, पार वळणापाशी, कठड्याला टेकून उभा राहतो. सगळे लोक निशाणापाशी गर्दी करतात, मी त्याच्या पुढे. कारण निशाणापर्यंत घोडा जॉकीचा असतो, पुढे स्वतःचा. जो संपलाय तो लगेच मान टाकतो, ज्याच्यात दम बाकी आहे तो थांबता थांबत नाही. खरं रेटिंग तिथं दिसतं. हे मला कुणी शिकवलं नाही, माझं मी शोधलं. त्यावरून लोक हसतातही.

आजही तिथंच उभा होतो. पण शेवटच्या वळणावर फटाकडी पुढे आली आणि माझ्या घशातून काहीतरी आवाज निघाला. शेजारच्या छायाचित्रकारानं वळून पाहिलं. मी म्हटलं, संपलं. उद्या म्हणतील, रेटिंगवाला पोरीच्या नावानं ओरडत होता. तसाच वळलो आणि ऑफिसात जाऊन बसलो. निकाल लाउडस्पीकरवर ऐकला. फटाकडी पहिली, सरदार दोन लांब्यांनी, म्हणजे दोन घोड्यांएवढ्या अंतरानं, दुसरा, कोळसा तिसरा आणि आपला म्हातारा मास्तर चौथा.

बक्षीस झाल्यावर बारकी चषक घेऊन माझ्या ऑफिसात आली. घामाघूम, केसांत गवत. पहिला प्रश्न काय, तर "कुठे होतात?"

म्हटलं, "इथंच."

"मी वळणाकडे बघत होते."

फोटोत मी नव्हतो म्हणून राग आला असणार. बायकांना फोटोंचं फार. म्हटलं, फोटो काय, पुन्हा काढू. ती चषक टेबलावर ठेवून गेली आणि मग शिपायाला पाठवून मागवून घेतला.

१६ ऑक्टोबर

घोडामैदान जवळ आलं.

अध्यक्ष सकाळीच दारात. गोड आवाजात, "तुमच्या मुलीची घोडी आहे, तुम्ही ह्या शर्यतीला हात लावू नका. चष्मिशला करू द्या." चष्मिश म्हणजे माझा जोडीदार. चाळिशीचा आहे, हुशार आहे, चष्मा पुसण्यात अर्धं आयुष्य घालवतो.

माझं डोकंच सणकलं. म्हटलं, "तीस वर्षं मी आकडे दिले. मित्रांच्या घोड्यांना दिले, सासऱ्यांच्या घोड्याला दिला आणि त्यावरून त्यांनी दोन वर्षं माझ्याशी अबोला धरला. आता माझा हात थरथरेल असं वाटतं तुम्हाला?"

मी करणार. मीच करणार.

१८ ऑक्टोबर

आकडा लागला. फटाकडी: एकशे नऊ.

हिशेब सरळ आहे. आकडा देताना कुठेतरी खुंटी मारावी लागते. एक घोडा असा धरायचा, जो नेहमी आपल्या लायकीएवढाच पळतो. मी मास्तरला धरलं. मास्तर नऊ वर्षांचा, रेटिंग शंभर. कधी नव्याण्णव नाही, कधी एकशे दोन नाही. पगारी नोकरासारखा. फटाकडीनं त्याला साडेचार लांब्यांनी मागे टाकलं. एका लांबीला दोन गुण. शंभर अधिक नऊ. विषय संपला.

चष्मिश म्हणाला, "सरदारवर खुंटी मारली तर? सरदारचं रेटिंग एकशे तेरा. त्याला दोन लांब्यांनी हरवलं म्हणजे एकशे सतरा होतात."

म्हटलं, "सरदार त्या दिवशी आठ गुणांनी खराब पळाला."

"कशावरून?"

"मास्तरवरून."

"आणि मास्तर चांगला पळाला नाही, हे कशावरून?"

"तो कधी पळालाय का चांगला?"

चष्मिशनं चष्मा पुसला. मग म्हणाला, "जॉकीनं घोडीला रेटायला हात हलवले नाहीत शेवटी." मी म्हटलं, हात हलवायला घोडीत काही उरलं नसेल. चार वेळा चित्रफीत पाहिली मी. निशाण ओलांडलं की कॅमेरा लगेच मालकाच्या तोंडावर जातो. पण निशाणापर्यंत जे दिसलं त्यात एकशे नऊच आहेत. एक वर नाही, एक खाली नाही. पोरीला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणूनच दाखवावं.

२० ऑक्टोबर

बारकी आली होती. आकडा छापून आल्यावर दोन दिवसांनी. मी तयारीतच होतो. पुढच्या महिन्यात मोठ्या शहरात जी मोठी शर्यत आहे, तिथं चौदाच घोडे घेतात, तेही रेटिंगच्या क्रमानं. एकशे नऊला कुणी विचारत नाही. एकशे पंधरा तरी लागतील. तेव्हा ती भांडायला आली असणार आणि ग्रेडवरूनही बोलणार, हे धरूनच चाललो होतो. उत्तरं पाठ होती.

भांडली नाही. स्वयंपाकघरात खुर्ची ओढून बसली. म्हणाली, "बाबा, शर्यत पाहिलीत?"

"चार वेळा."

"टीव्हीवर."

"मग काय झालं? टीव्हीवर घोडी वेगळी पळते?"

मी आपला समजावत राहिलो. ग्रेडचं मनाला लावून घेऊ नकोस, शर्यत मुळातच हलकी होती, ग्रेड टूच्या लायकीची. तर उठली. म्हणाली, "ग्रेडचं मी काही विचारलं का तुम्हाला?" आणि गेली. चहा तसाच.

मग तिला काय विचारायचं होतं? विचारायचं असेल तर माणसानं विचारावं.

२९ ऑक्टोबर

काल मोठ्या शहरात दुसऱ्या एका शर्यतीत सरदार जिंकला. तीन लांब्यांनी. तिथल्या दोन नामवंत घोड्यांना मागे टाकून.

चष्मिशनं निकालाचा कागद माझ्या टेबलावर ठेवला, एक अक्षर न बोलता. असला न बोलणारा माणूस फार बोलतो. मी म्हटलं, "तिथं पाऊस झाला होता. ओल्या मैदानावर सरदार उड्या मारतो." तो म्हणाला, "पाऊस परवा झाला, सर." परवाचं पाणी काय एका दिवसात वाळतं?

दुपारी अध्यक्ष स्वतः चहा घेऊन आले. आजपर्यंत ह्या माणसानं मला पाणी विचारलं नव्हतं. म्हणाले, "आता फटाकडीचा आकडा वर घ्यायला तुम्हाला सबळ कारण आहे. मुलीचंही भलं होईल, यंदाची सरासरीही सुधारेल. मग समितीसमोर चषकाची बाजू मांडायला आम्हाला जागा मिळते. सगळ्यांचंच भलं."

म्हणजे माझ्या पोरीच्या खांद्यावर बंदूक ठेवून ग्रेड वाचवायची!

आता तर मुळीच नाही. छापलेला आकडा मी आजवर बदललेला नाही. ह्यांच्या एका चहासाठी बदलीन होय? एकशे नऊ म्हणजे एकशे नऊ.

२ नोव्हेंबर

घरात बोलणं बंद आहे. बंद म्हणजे, जेवायला वाढलंय एवढंच ऐकू येतं.

कारण असं की फटाकडीचा मालक, तो काचेच्या कारखान्याचा, बारकीकडे गेला होता. म्हणाला, मोठ्या शर्यतीत घोडी गेली नाही तर मी ती मोठ्या शहरातल्या ट्रेनरकडे हलवतो, इथं ठेवून उपयोग काय. रेटिंगची यादी ह्या शनिवारी बंद होते. म्हणजे शनिवारपर्यंत आकडा वर गेला नाही तर घोडी गेली. दोन वर्षं पोरीनं त्या घोडीत घातली. आली तेव्हा फटाकडी माणसाला जवळ येऊ देत नव्हती.

हिला म्हटलं, "मी काय करू? खोटा आकडा देऊ?"

हिनं ताट उचललं. मग थांबली. "तुम्ही प्रामाणिक आहात हे अख्ख्या मैदानाला ठाऊक आहे. तुमच्या पोरीला ते तपासायचं नव्हतं. तिनं केलेलं काम एकदा बापानं नीट डोळे उघडून बघावं, एवढंच तिचं म्हणणं. सहा वर्षं झाली. दुसऱ्यांच्या घोड्यांकडे दुर्बीण लावून बघता आणि तिची घोडी आली की पाठ फिरवता."

मी म्हटलं, पाठ नाही फिरवत, तटस्थ राहतो. ही म्हणाली, "तेच ते."

बायकोला तटस्थ म्हणजे काय हे समजावणं अवघड आहे. पण रात्री झोप लागली नाही.

५ नोव्हेंबर

आज एक गोष्ट झाली. जशी झाली तशी लिहितो.

चष्मिशनं विचारलं, "सर, रौप्य चषकाला वळणावर काय दिसलं? तुमच्या टिपणात त्याचा कॉलम रिकामा आहे. तीस वर्षांत कधी रिकामा नव्हता."

म्हटलं, "मी तिथं नव्हतो."

त्याचं तोंड उघडंच राहिलं. नंतर म्हणाला, "आणि तरीही आकडा दिलात?"



तडक जॉकींच्या खोलीत गेलो. फटाकडीचा जॉकी बुटांना पॉलिश करत होता. हा भारी आगाऊ आहे, मला पाहून उठलासुद्धा नाही. "या या. आज कुणीकडे वाट वाकडी केलीत? दर शर्यतीनंतर येऊन माझं डोकं खाता, ह्याच वेळी आला नाहीत. म्हटलं, साहेबांना सगळं कळलंच असेल."

म्हटलं, "शेवटच्या वळणानंतर हात का नाही हलवलेस?"

"मॅडमचा हुकूम. जिंक, पण जेवढ्यास तेवढं. घोडीला मागू नकोस, पुढची मोठी शर्यत आहे. मी नुसता बसलो होतो, साहेब. खोगिरावर गाठोडं ठेवलं असतं तरी जिंकली असती."

"निशाणापुढे?"

तो हसायला लागला. "थांबली कुठे? मी लगाम ओढतोय आणि ही चाललीय. पार पलीकडच्या वळणापर्यंत घेऊन गेली मला. सरदार तिथंच मान टाकून उभा, आणि ही म्हणतेय, अजून एक फेरी मारू. हात दुखून आले. ह्याला विचारा," म्हणत त्यानं शेजारच्याकडे बोट दाखवलं. हा सरदारवर बसला होता. त्यानं वर न बघता मान हलवली. हरलेल्या जॉकीची मान खोटं बोलत नाही.

बाहेर येऊन कठड्याला धरून उभा राहिलो. म्हणजे पोरीनं जी सगळ्यात अवघड गोष्ट केली, घोडीला न पिळता ग्रेड वन जिंकवली, ती बघायला मी जागेवर नव्हतो. आणि न बघता त्याच गोष्टीबद्दल तिचे गुण कापले. दुसऱ्या कुणाच्या घोडीला मी असं केलं असतं का? नसतं केलं. दुसऱ्या कुणाची असती तर मी कठड्यावरून हललो नसतो. पोरीची होती म्हणून तिला कमी न्याय मिळाला. आणि ह्याला मी गेले तीन आठवडे ताठ मान म्हणत होतो. गाढव आहे मी.

६ नोव्हेंबर

खुंटी उपटली. मास्तरवरची.

चष्मिशला समोर बसवून सगळं पहिल्यापासून मांडलं. सरदार मोठ्या शहरातल्या त्या विजयानंतर एकशे बाराच्या खाली येऊच शकत नाही. म्हणजे मास्तर त्या दिवशी एकशे सात पळाला, नवव्या वर्षी. पगारी नोकरानं निवृत्तीच्या आदल्या दिवशी साहेबाला शिवी दिल्यासारखं. मास्तरनंच मला फसवलं, पण त्याला कशाला बोल लावू, त्यानं त्याचं काम केलं.

फटाकडी, नुसत्या लांब्यांवरून एकशे सोळा. हात न हलवता. त्यावर पाच.

एकशे एकवीस.

ह्या मैदानावर धावणाऱ्या कुठल्याही घोडीला मी दिलेला सर्वांत मोठा आकडा.

छापलेलं रेटिंग बदलायचं तर कारण जाहीर करावं लागतं. चष्मिश म्हणाला, "'नवी माहिती उपलब्ध झाल्यामुळे' असं लिहू. सगळे तसंच लिहितात." मी म्हटलं, माहिती जुनीच होती, मीच उपलब्ध नव्हतो. कारणाच्या रकान्यात लिहिलं: "शर्यतीच्या वेळी मी जागेवर नव्हतो. पहिला आकडा चूक." खाली सही ठोकली.

लोक काय म्हणणार ते मला लिहून देता येईल. म्हणू देत. पोरीच्या बाजूनं बोललो म्हणून शिव्या खाईन, पण तिच्या विरुद्ध चूक करून शाबासकी नको.

शनिवारच्या यादीत फटाकडी तिसरी.

९ नोव्हेंबर

समितीची बैठक. सविस्तर लिहितो, कारण मजा आली.

अध्यक्ष आज मला शेजारी बसवून घ्यायला लागले. त्यांना वाटलं, घोडं गंगेत न्हालं. एकशे एकवीसमुळे यंदाची सरासरी एकशे दहाच्या वर गेली होतीच. आधीची दोन वर्षं कमी पडत होती, मागचं तर फारच. त्यावर त्यांनी तोडगा काढला होता. "मागच्या वर्षी पावसानं मैदानाचा चिखल झाला, चांगले घोडे मालकांनी काढून घेतले. ते वर्ष हिशेबात धरू नये. बाकीच्या दोन वर्षांत आपण सहज पास होतो. आणि यंदाची विजेती तर एकशे एकवीसची! हे ग्रेड वन नाही तर काय?" माझ्याकडे बघून हसले. "आता तरी तुमचा आक्षेप नसावा. घरचीच घोडी आहे."

मी उभा राहिलो. समितीत कुणी उभं राहत नाही, पण बसून माझा आवाज निघत नाही.

म्हटलं, "आक्षेप आहे. फटाकडी ग्रेड वन आहे. शर्यत नाही. एका घरात एक पोरगी पहिली आली म्हणून सगळं गाव हुशार ठरत नाही. चषक ज्यांनी मोठा करायचा, ते घोडे गेली दोन वर्षं आले नाहीत. चिखल झाला म्हणता, तर चिखल कुणाच्या मैदानावर झाला? पाण्याचा निचरा करा, चांगले घोडे बोलवा, आणि मग ग्रेड मागा. मी स्वतः देईन. पाऊस पडला म्हणून नापास झालेल्याचा पेपर कुणी रद्द करतं का?"

समितीतले घोडे पैदा करणारे एक सभासद उसळले. "वा! पोरीच्या घोडीला आभाळात नेऊन ठेवलंत आणि आमच्या चषकाला मातीत. हा कुठला न्याय?"

म्हटलं, "दोन्ही आकडे माझेच आहेत. एक पटतो आणि दुसरा पटत नाही, असं जमणार नाही. मला समितीतून काढायचं तर काढा. मत देऊन झाल्यावर काढा."

मतं झाली. अध्यक्ष आणि ते उसळलेले सभासद एकीकडे. मी, चष्मिश आणि घोड्यांचा डॉक्टर दुसरीकडे. रौप्य चषक पुढच्या वर्षापासून ग्रेड टू.

त्यानंतर अध्यक्षांनी ठराव मांडला की मोठ्या शर्यतीच्या रेटिंगच्या कामातून मला वगळावं, कारण मुलीची घोडी आहे. मी म्हटलं, एकदम मान्य, हे तुम्ही आधीच सांगितलं होतं आणि मी ऐकायला हवं होतं. त्यांची भांडणाची तयारी होती, त्यामुळे ते जरा नाराज झाले.

परत येताना चष्मिश म्हणाला, "सर, भिंतीवरची पाटी आता रंगवून घ्यावी लागणार." म्हटलं, रंग मी आणून देतो.

१० नोव्हेंबर

संध्याकाळी बारकी आली. मी ह्या वेळी कुठलंच उत्तर पाठ केलेलं नव्हतं.

दारातच उभी. हातात क्लबाचं पत्रक, दोन्ही बातम्या एकाखाली एक. बूट चिखलानं भरलेले. ही म्हणाली, "अगं, आत तरी ये." तर तिनं पत्रक माझ्यासमोर टेबलावर ठेवलं आणि बोट टेकवलं. मला वाटलं, ग्रेडच्या बातमीवर टेकवेल. तिनं पहिला आणि शेवटचा ग्रेड वन जिंकला, आणि बापानंच तो बंद केला. बोलू दे, म्हटलं, तिचा हक्क आहे.

बोट दुसऱ्या बातमीवर होतं.

"एकशे एकवीस?"

"हो."

"कमी आहेत."

मी बघतच राहिलो. "कमी? अगं, ह्या मैदानावर एवढे मी कुणाला दिले नाहीत!"

"दिले नसतील. कमी आहेत. एकशे चोवीस."

"कशाच्या जोरावर?"

"हात न हलवल्याचे पाच धरलेत तुम्ही. आठ धरायला हवेत. जॉकीनं पन्नास पावलं आधीच लगाम आवळला होता."

"पन्नास नाही. निशाणाच्या जवळ आल्यावर."

"तुम्ही होतात तिथं?"

"नव्हतो!" मी ओरडलो. "नव्हतो, आणि तीस वर्षांतली सगळ्यात मोठी चूक केली, आणि तसं छापून दिलंय. आणखी काय करू? पण पाच म्हणजे पाचच!"

"आठ!"

मग पोरगी खाली बसली आणि टेबलावरच्या वाट्या सरकवून शर्यत मांडली. मोठी वाटी सरदार, झाकण म्हणजे कोळसा. मी मास्तरला तिच्या मनाप्रमाणे मागे ठेवू देईना, तर तिनं माझा हात बाजूला केला. तबेल्यात घोडी पहिल्यांदा कधी तिच्या हातून खायला लागली, मागचे पाय भरावेत म्हणून चढावर किती महिने चालवली, जॉकीला हुकूम देताना स्वतःचेच हात कसे गार पडले होते, हे सगळं मधूनमधून सांगत होती. मी सहा वर्षांत विचारलं नव्हतं ते सगळं आज विचारलं. काही दोनदा विचारलं. ही जेवायला बोलावून थकली आणि शेवटी तिनंच मोठी वाटी उचलून नेली. म्हणाली, "सरदार मला आमटीला हवाय."

आकड्यावर एकमत झालं नाही. होणारही नाही. मी एकशे एकवीसवर ठाम आहे. म्हटलं, "एवढी खात्री असेल तर मोठ्या शर्यतीत पळवून दाखव."

"दाखवते. पण तुम्ही यायचं."

"माझं तिथं काम नाही आता. मला वगळलंय."

"म्हणूनच या. काम नसताना या."

मी म्हटलं, ठीक आहे. उद्या सकाळी जाऊन गाडीची तिकिटं काढतो, उशीर झालाय, मिळतात की नाही कोण जाणे. तर ती बूट घालता घालता म्हणाली, "काढलीत. तुमचं आणि आईचं."

"कधी काढलीस? शनिवारी यादी लागल्यावर?"

"नाही. चषक जिंकला त्या संध्याकाळी."

तेव्हा तर मी आकडा दिलासुद्धा नव्हता.